उजवीकडची शीळ

४ फेब्रुवारी

खटपट्या,

खोकं पोचलं. मी आंघोळीला होते, म्हणून खालच्या टेलरनी सही करून घेतलं आणि वर आणून दिलं. इतक्या वर्षांनी भावाचं अक्षर दिसलं, तेही खोक्याच्या झाकणावर, "ही बाजू वर" असं. आत तुझं धातू शोधायचं नवं यंत्र, आणि दांड्याला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. "ऐकून सांग." संपलं. कशी आहेस नाही, जिवंत आहेस का नाही. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढला, लोकांची काय काय बोलणी ऐकली, पण शब्दांचा इतका चिक्कू माणूस दुसरा भेटला नाही.

फोन करावा असं मनात आलं होतं, तिथेच सोडून दिलं. फोनवर आपलं भांडण होतं. आई गेल्यावर जिन्यात झालं तेवढं पुरे. आता भांडायचं म्हटलं तरी मला दम लागतो. कागद बरा, दोघांनाही मधे पाणी पिता येतं.

आता यंत्राबद्दल. आधी चांगलं सांगते, नाहीतर फुगून बसशील. वजन छान उतरवलंस. बॅटरी कोपराच्या मागे नेलीस हे तर फारच उत्तम, पुढची थाळी आपली आपण तरंगते, मनगट भरून येत नाही. हे मी तुला कधीपासून सांगत होते! पण घरच्या माणसाचं ऐकायचं नाही असा तुझा नेमच आहे. पडदा ठेवला नाहीस हेही बरं केलंस. आपल्या धातू शोधणाऱ्यांच्या मंडळातल्या चष्मेवाल्याने मागे एक नवं यंत्र आणलं, त्याला रंगीत पडदा, त्यावर आकडे, चित्रं, बाण. तो मैदानभर पडद्यात डोकं घालून चालायचा. एक दिवस सरळ झाडावर जाऊन आदळला. जमिनीत धातू आहे का हे कानाने ऐकायचं असतं, हे या लोकांना कोण सांगणार? मी आता सांगायचं सोडून दिलंय.

खिळा आणि नाणं शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. जुनं यंत्र खिळ्याच्या गुरगुरीत नाणं गिळून टाकायचं. तुझं हे गुरगुरतं आणि लगेच टणत्कार देतं, दोन्ही सुटे सुटे. मी ते पुन्हा पुन्हा फिरवत बसले. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

आणि खुंटीवर तू "कान" लिहिलंस. मला वाटलं होतं, आता मोठ्या कारखान्याला द्यायचं म्हणून काहीतरी भारदस्त शब्द घालशील. आठवतं ना, रेडिओ फोडून पहिलं यंत्र केलंस तेव्हा आईने विचारलं होतं ही खुंटी कसली, आणि तू म्हणालास, हा याचा कान, पिळला की जास्त ऐकतं. आई म्हणाली, मग तुझाही पिळून बघते. तेव्हापासून आपल्या घरात यंत्राचा कान वाढवतात आणि कमी करतात, बाकी जग त्याला काहीही म्हणो.

आता वाईट. थाळी उजव्या टोकाला गेली की यंत्र शीळ घालतं. मोठी नाही, बारीक, लाजरी. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद पुरलेला असावा तशी. पण जमिनीत काही नाही, मी उकरून पाहिलं. दर फेरीला, उजव्या टोकाला, शीळ. डावीकडे नाही, मधे नाही. कान निम्म्यावर आणला की थांबते, पण मग नाणंही ऐकू येत नाही. थाळीतच काहीतरी घोळ घातलायस तू. तारेची वेटोळी सैल राहिलीत, नाहीतर आतलं वेष्टण अर्धवट आहे. बघ बाबा.

ताई


१९ फेब्रुवारी

खटपट्या,

तुझं कार्ड मिळालं. "वायर दांड्याला घट्ट गुंडाळ. बॅटरी बदल. थाळीचं झाकण काढून पूस. डाव्या हाताने फिरव. बूट?"

सगळं केलं. वायर अशी गुंडाळली की दांड्याला श्वास घेता येत नाही. बॅटरी बदलली. झाकण काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. डाव्या हाताने फिरवलं, तरी शीळ उजव्याच टोकाला. आता यावर काय म्हणणं आहे?

आणि बूट विचारतोस? मला? अरे, लाज वाटू दे थोडी. बूटबहाद्दराला मैदानाबाहेर कोणी काढलं होतं? त्या बिचाऱ्याच्या कामावरच्या बुटांत पुढे लोखंडी वाटी होती, आणि तो जिथे उभा राहील तिथे यंत्र गुरगुरायचं. पाय ठेवला की खड्डा, पाय ठेवला की खड्डा. मैदानाची चाळण करून टाकली आणि वर म्हणतो, इथे खाली मोठं काहीतरी गाडलेलं आहे. सगळे माना डोलवत होते. मी एकटीने म्हटलं, दादा, बूट काढा. तू हसून हसून गवतात लोळला होतास. तेव्हापासून मी फिरायला निघताना केसातला आकडासुद्धा काढून ठेवते हे तुला माहीत नाही का? कापडी बूट, प्लास्टिकची बटणं, चष्म्याच्या काड्यासुद्धा प्लास्टिकच्या. हातात काठी असते, ती वेताची. कुत्री फार झालीत हल्ली, म्हणून काठी.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते, मंडळातले आता तिघेचौघेच उरलेत. चष्मेवाल्याचं म्हणणं, यंत्र पाण्यात चालायला हवं. कशाला, तर नदीत उतरायचं आहे म्हणतो. त्याला बाथरूममध्ये उतरवत नाही. दुसऱ्याचं म्हणणं, थाळी मोठी हवी, मोठी थाळी खोल जाते. खोल जाते हे खरं, पण खिळे पसरलेल्या जागेत मोठ्या थाळीखाली एकदम दहा गोष्टी येतात आणि सगळ्यांचा मिळून गोंगाट होतो, हे त्याच्या डोक्यात शिरत नाही. मी हात टेकले. पूर्वी मी त्यांच्याशी वाद घालून घालून घसा बसवून घ्यायचे. आता म्हणते, हो बाबा, तुमचं बरोबर.

मैदानावर गवत फार वाढलंय, टेलर सांगत होते. म्हणजे मीही पाहिलंच, पण ते म्हणाले असं.

शिळीचं काय ते बघ. एवढं चांगलं यंत्र आणि एका टोकाला असा चटका. आपणच रांधलेल्या गोष्टीत खडा लागावा तसं होतं मला. मी इथे एकेक फेरी मारते आणि उजवीकडे जाताना आधीच कपाळाला आठी पडते. ही शीळ गेली पाहिजे.

तुझ्या बायकोला म्हणावं, तिने खोक्यात कोपऱ्यात खुपसलेले लोकरीचे मोजे मिळाले. तुला माहीत नसेल. छान आहेत, जाड. सध्या फार उपयोगी पडतात.

ताई


१ मार्च

खटपट्या,

या वेळी चक्क पूर्ण पान! माझा विश्वास बसेना, आधी खाली सही बघितली. पण वाचून झालं आणि मला बसावं लागलं. म्हणजे बसलेच होते, पण तरी.

तू म्हणतोस, तुझ्याकडच्या जोडीच्या यंत्राची थाळी तू तीनदा नव्याने गुंडाळलीस, तुझ्याकडे कुठलीच शीळ येत नाही, डावीकडे नाही, उजवीकडे नाही. पण "ताईने ऐकली म्हणजे आहे. माझ्या मोजमापाच्या यंत्रांपेक्षा तिच्या कानावर माझा जास्त विश्वास." आणि म्हणून कारखान्याला जो नमुना मार्चअखेर द्यायचा, त्यात तू चंदेरी कागदासारख्या आवाजांचा अख्खा पट्टाच मुका करणार आणि वर कानही कमी करणार. म्हणजे शिळीचा प्रश्नच मिटला.

अरे वेड्या! डोकं ठिकाणावर आहे का तुझं?

त्या पट्ट्यात चंदेरी कागद राहतो हे खरं, पण पातळ सोनंही तिथेच राहतं. नाजूक अंगठी, लहान मुलीच्या कानातलं, साखळीचा तुकडा. जमिनीतून दोघांचा आवाज एकच येतो. कागद गप्प केलास की सोनंही गप्प. मग ज्या बाईचं कानातलं गवतात पडलंय ती तुझं यंत्र घेऊन दिवसभर फिरेल, चार वेळा त्याच्यावरून जाईल आणि यंत्र मूग गिळून गप्प बसेल. बाजारातली निम्मी यंत्रं हेच करतात, आणि आपण दोघं त्यांना जन्मभर नावं ठेवत आलो. कचराही ऐकू येऊ दे, काय उकरायचं ते माणूस ठरवेल, हे वाक्य कोणाचं? तुझं. मी तेव्हा म्हणत होते की थोडा कचरा गाळ, उकरून उकरून कंबर मोडते. आता मी तुझ्या बाजूला आले तर तू माझ्या बाजूला गेलास. आपलं जमायचं नाही.

आणि कान कमी? तुझ्या यंत्रात दुसरं आहे काय? तो कान हेच तर तुझं सगळं आयुष्य आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तार गुंडाळत बसायचास, आई ताट वाढून थांबायची. बायको माहेरी निघून गेली होती एकदा तुझ्या तारांना कंटाळून. एवढं सगळं करून कारखान्याला बहिरं यंत्र देणार?

मुका करू नकोस. कानही कमी करू नकोस. शीळ का येते ते शोध, माणूस ना तू? मला थोडे दिवस दे. मी इथे अजून कोणाच्या तरी हातात देऊन बघते.

ताई


८ मार्च

खटपट्या,

हे पान मी तुला पाठवणार नाही. पण लिहिल्याशिवाय डोक्यातून जाणारही नाही, म्हणून लिहून टाकते.

आज टेलरना विनंती केली, जरा यंत्र फिरवता का? ते काय, हो म्हणाले. चांगला माणूस आहे. पण टेलर म्हणजे चालतंबोलतं लोखंडाचं दुकान! कॉलरला टाचण्या, खिशात कात्री, बोटात अंगुस्तान, तोंडात आणखी दोन टाचण्या. मी त्यांना सगळं काढायला लावलं. पट्ट्याचं बक्कलसुद्धा. ते एका हाताने विजार धरून उभे, म्हणाले, "बाई, अजून काय काय काढू? लोक बघताहेत." किती दिवसांनी हसले मी.

त्यांनी फिरवलं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. दोघांनाही ऐकू यावं म्हणून हेडफोन काढून ठेवला होता, मी बाजूला स्टुलावर. शांतता. उजवं टोक, शांतता. कान पूर्ण वाढवला. चिडीचूप. म्हणाले, "बाई, हे तर काहीच बोलत नाही." मी म्हटलं द्या इकडे, तुम्हाला धरता येत नाही. आणि उठले, काठी टेकत त्यांच्या जवळ गेले, तर शीळ.

ते थांबले. मीही थांबले. त्यांनी थाळी माझ्या उजव्या पायाजवळ आणली. शीळ. लांब नेली, गप्प. जवळ आणली, शीळ. टेलर म्हणाले, "बाई, हे तुम्हालाच ओळखतंय."

माझ्या पायात हाडाला धातूची पट्टी आहे, खटपट्या. उजव्या पायात, घोट्याच्या वर, आणि तिला स्क्रू. ऑक्टोबरात पडले मी. काही मोठं काम करताना नाही, कचऱ्याची बादली घेऊन जिना उतरताना. बादली खालपर्यंत गेली, मी मधेच राहिले. टेलरनी उचललं, दवाखान्यात नेलं, रात्रभर बाकावर बसले. त्यांनी विचारलं भावाला कळवू का. मी म्हटलं, नको, त्यानेच नको म्हणून सांगितलंय.

सांगितलं होतंस ना तू. त्याच जिन्यात. आई जाऊन थोडेच दिवस झाले होते, तू म्हणत होतास घर बंद कर आणि माझ्याकडे चल, आणि मी म्हणत होते मला तुझ्या घरातली अडगळ व्हायचं नाही, माझे दोन पाय शाबूत आहेत. तू बॅग उचललीस, चार पायऱ्या उतरलास आणि मागे न बघता म्हणालास, "पडलीस तर मला कळवू नकोस." मी नाही कळवलं. बघ, भावाचा शब्द कसा पाळला.

मला हे आधी कसं कळलं नाही याचीच शरम वाटते. दवाखान्यातून मला अॅल्युमिनियमचं वॉकर देत होते, ते मी परत केलं, म्हटलं हे माझ्या यंत्राजवळ गात बसेल. वेताची काठी घेतली. केसातले आकडे काढले, चष्मा बदलला. अंगावरचं सगळं तपासलं आणि अंगातलं विसरले! डॉक्टरांनी सांगितलं होतं की पट्टी टायटॅनियमची आहे, विमानतळावरच्या तपासणीच्या दारातून गेलात तरी ते दार ओरडणार नाही. मी तेवढ्यावर निर्धास्त. आणि पूर्वी मी थाळी चांगली हातभर पुढे धरून फिरवायचे, आता पुढे वाकवत नाही, तोल जातो, म्हणून पायाजवळच फिरवते. त्या दारांना जे कळत नाही ते तुझ्या यंत्राला कळलं. असा कान केलास तू! आणि मी महिनाभर त्याला नावं ठेवतेय.

मैदानावर मी ऑक्टोबरपासून गेलेले नाही. इमारतीच्या मागे टेलरचे कपडे वाळत घालतात ना, त्या मातीच्या पट्ट्यात फिरवते. घरात फरशीखाली सळया आहेत, तिथे यंत्र नुसतं रडतं. जिना मी बसून उतरते, एकेक पायरी, लहान मुलासारखी. कोणी येताना दिसलं की तिथेच टेकल्यासारखं दाखवते. खोकं आलं तेव्हा मी आंघोळीला नव्हते. खाली उतरेपर्यंत पोस्टमन निघून गेला असता.

आता काय करू सांग. खरं लिहिलं तर तू येशील, नाहीतर येणार नाहीस, आणि यातलं कुठलं जास्त वाईट ते मला कळत नाही. आलास तर दारातच "मी म्हणालो नव्हतो?" म्हणशील, घराला कुलूप लावशील आणि मला बॅगेसारखी उचलून नेशील. नाही आलास तर मला कळेल की तू तेव्हा बोललास ते खरंच मनापासून होतं. अजून मला ते माहीत नाही. माहीत नाही तोवर जगता येतं रे.

आणि नाही लिहिलं तर तू माझ्या एका खोट्यापायी तुझ्या यंत्राचा कान कापून कारखान्याला देशील. माझ्यावर विश्वास ठेवून. हे कसं सहन करू? फार थकले मी. झोपते.


१० मार्च

खटपट्या,

सापडलं! तुझी थाळी निर्दोष आहे. चूक माझीच. सांगायलाही लाज वाटते, पण सांगते. बुटांचा घोळ होता. मागे बाजारातून जाडजूड बूट घेतले होते, गवतात काटे फार म्हणून, आणि त्यांच्या पुढच्या टोकाला आत लोखंडी वाटी निघाली. उजव्यालाच. डाव्याची बहुधा पडून गेली असेल. मी इतकी मूर्ख की ते घालूनच फिरत होते. काढले, शीळ बंद. हस आता पोटभर. बूटबहाद्दराला सांगू नकोस फक्त.

तेव्हा पट्टा मुका करायचं आणि कान कमी करायचं सगळं रद्द. जसं मला पाठवलंस तसंच्या तसं कारखान्याला दे. माझ्या शब्दावर दे. असं यंत्र मी आजवर ऐकलेलं नाही.

माझी तब्येत उत्तम. मैदानावर रोज जाते.

ताई


२१ मार्च

खटपट्या,

तुझं पत्र आलं. पाकीट जाड होतं, मला वाटलं पानंच्या पानं असतील. आत कोऱ्या कागदात गुंडाळलेला लोकरीचा एक मोजा. एकच. आणि कागदाच्या मधोमध दोन शब्द.

"कुठला पाय?"

मी ते घेऊन खिडकीत बसले. टेलर चहा घेऊन वर आले होते, त्यांनी विचारलं वाईट बातमी आहे का. मी मान हलवली, पण होय म्हणून का नाही म्हणून हे मलाच कळलं नाही.

मीच वेडी. तुला फसवायला निघाले होते, आणि कशाने, तर बुटाने! लोखंडी वाटीचा बूट गुरगुरतो, खटपट्या, तो कधी शीळ घालत नाही. हे आपल्या मंडळातल्या नवख्या पोरालाही कळेल. आणि मी तुला आधीच लिहून बसले होते, शीळ आहे, बारीक आहे, चंदेरी कागदासारखी आहे, डाव्या हाताने फिरवलं तरी उजवीकडेच आहे, बूट कापडी आहेत. हातात काठी आहे. मोजे फार उपयोगी पडतात. सगळं माझ्याच हाताने लिहून दिलं आणि वर म्हणते, बूट. एक्स्चेंजमध्ये मला सगळे म्हणायचे, बाईंना श्वासावरून माणूस कळतो. म्हणून तर मी तुला फोन केला नाही, आवाजातून तुला कळेल म्हणून. आणि तू कागदावरूनच ऐकलंस.

रडले मी. दुसरं काय. बऱ्याच दिवसांचं साठलं होतं. टेलर बिचारे चहाचा कप हातात धरून तसेच उभे, त्यांना बसा म्हणायचंही सुचलं नाही.

एकच मोजा कशाला पाठवलास ते आत्ता लक्षात आलं. दुसरा कुठल्या पायाचा करायचा आणि किती सैल करायचा, ते विचारून करणार असेल तुझी बायको. तिला म्हणावं, सैल कर, अजून सूज असते संध्याकाळी.

सोबत आठ तारखेचं एक पान जोडते. तेव्हा पाठवायचं नाही असं ठरवलं होतं, पण ते सगळं परत लिहायचा आता कंटाळा आलाय, आणि दुसऱ्यांदा लिहिलं तर मी त्यात पुन्हा काहीतरी लपवेन. ते वाच आणि मग ओरड. ओरडशील हे माहीत आहे.

कारखान्याला यंत्र जसं आहे तसं दे. पट्टा मुका नको, कान पुरता ठेव. आणि त्यांना सांग, माझ्या बहिणीच्या हाडाला लागलेली पट्टी या यंत्राने मातीवरून जाता जाता ओळखली, बहीण मात्र नाही म्हणत होती. याहून मोठी पावती तुला कोण देणार?

मी तुझ्याकडे राहायला येईन असं यातून काही समजू नकोस. हे घर मी सोडणार नाही, त्यावर आपण पुन्हा भांडू. भांडायला ये. खूप भांडू. मी जरा ताकद जमवून ठेवते.

उजवा. घोट्याच्या वर.

जिन्यातला दिवा गेलाय, आणि मी पडले ती पायरी अजून तशीच हलते, टेलर दुरुस्त करतो म्हणतात पण त्यांना कुठला वेळ. कठडा धरून चढ. यंत्राची सवय आहे तुला, जमिनीकडे बघत चालायची, ती इथे उपयोगी पडेल. आणि खटपट्या, पडलास तर मला कळव.

ताई